"घर सासऱ्यांच्या नावावर आहे, ताई"

"तक्रार केली तर बाहेर काढतील. वकिलाला पैसे कुठून आणू?" हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की पुढचं वाक्य मलाच पूर्ण करता येईल. करत नाही.

त्यातलीच ही एक. ओळख पटेल असं सगळं बदललंय. तिसऱ्या भेटीपर्यंत मारहाणीवर ती दोन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती. घराबद्दल मात्र भरभरून बोलायची. ओट्याची फरशीसुद्धा तिने भिशीच्या पैशातून बसवलेली. मांडीवर कायम एक फुगलेली पिशवी.

सोबत आलेला भाऊ सारखा म्हणे, "सोडून ये." त्याला बाहेर बसवलं.

"तुम्हाला निघायचंय की राहायचंय?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

बराच वेळ ती पिशवीचा बंद पिळत राहिली. घाई करायची नाही, एवढं मी इतक्या वर्षांत शिकलेय. मग म्हणाली, "राहायचंय. पण मार न खाता."

बाईने निघावं की राहावं, हे मी कधीच सांगत नाही. पण राहायचं असेल तर काय हातात आहे, हे तिला माहीत हवंच. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 17 मी वाचून दाखवलं: घरावर मालकी नसली तरी सामायिक घरात, म्हणजे जिथे ती संसारात राहते त्या घरात, राहण्याचा तिला हक्क आहे, कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला काढता येत नाही. असं घर सासऱ्यांच्या नावावरचंही असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मालकी मिळत नाही, छप्पर टिकतं.

"म्हणजे असंच हाकलता येत नाही?" तिने तीनदा विचारलं. मग पिशवी उघडली. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, दोन साड्या. कधीही बाहेर काढतील म्हणून वर्षभर ती सगळं सोबत वागवत होती. मारापेक्षा उंबरठ्याची भीती मोठी, हे मला तेव्हा खरं कळलं.

वकिलाचं म्हणाल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा 15100 ला फोन करा. हिंसाचाराच्या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, त्याचेही पैसे नाहीत. कायद्यात निकालाला 60 दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश आधीच मागा. हिंसा थांबवण्याचा संरक्षण आदेश, अंतरिमसुद्धा, मोडला तर मात्र तो गुन्हा. जिवावर बेतलं तर कागद बाजूला ठेवून थेट 112.

कागदांच्या झेरॉक्स भावाकडे ठेवायला सांगितल्या होत्या. पुढच्या वेळी ती आली, तेव्हा हातात फक्त छत्री होती.