गाडीतील स्वेड काळे पडून चकाकू लागले, तर बदलावे की साफ करावे?

आपण विचारले आहे की, चार वर्षे वापरलेल्या गाडीचे राखाडी स्वेडचे स्टिअरिंग काळपट आणि गुळगुळीत झाले आहे, सीटवर डोके टेकण्याच्या जागी डाग पडले आहेत, आणि दुकानदार नवे कव्हर शिवून घ्या असे म्हणतो. तर साफसफाईने ते पूर्ववत होईल का? नाशिकमध्ये अंबड परिसरात मी गाड्यांची सीट कव्हरे शिवण्याचे आणि गाडीच्या आतील सफाईचे काम करतो. आपल्या वर्णनावरून माझे स्पष्ट मत असे आहे की, स्वेड झिजलेले नसून त्याची लव तेलाने चिकटून आडवी झालेली आहे आणि ती पुन्हा उभी करता येईल.

आधी आपल्या गाडीत नेमके काय बसवले आहे ते पाहावे. खरे स्वेड म्हणजे कातड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून तिच्यावर उठवलेली लव. गाड्यांच्या स्टिअरिंगवर आणि छताला कंपनीतून येते ते मात्र बहुतेक वेळा कृत्रिम असते, म्हणजे पॉलिएस्टरचे अतिशय बारीक तंतू पॉलियुरेथेनने बांधून केलेले कापड. अल्कांटारा हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव असून त्यामागचे तंत्र 1970 साली जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी शोधले. शिवणीजवळ किंवा सीटच्या खालच्या कडेला उलटी बाजू दिसत असेल, तर तेथे कातडे आहे की कापड हे लगेच कळते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कृत्रिम स्वेडला ओलसर फडके चालते, तर खऱ्या कातड्यावर पाणी पडले की सुकल्यावर त्याची कड उमटते आणि ती जागा कडक होते. आपले स्वेड कृत्रिम आहे असे धरून पुढचे लिहितो.

स्टिअरिंगवरची चकाकी म्हणजे तळहाताचा घाम, त्वचेचे तेल, हाताला लावलेले क्रीम आणि रस्त्याची बारीक धूळ यांचा थर. दोन्ही बाजूंना, जेथे हात नेहमी असतो, तेथे तो सर्वांत जाड असतो. बोट फिरवले तर मेणकापडासारखे लागते. प्रथम मऊ ब्रश लावून व्हॅक्यूमने कोरडी धूळ पूर्ण काढावी. ही पायरी कोणीही टाळू नये, कारण धूळ तशीच ठेवून ओले फडके फिरवले की तिचा चिखल होऊन तो लवेच्या मुळाशी जाऊन बसतो. त्यानंतर अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात लोकरीचे कपडे धुण्याचे सौम्य द्रावण अर्धा चमचा घालून हलवावे आणि केवळ वर आलेला फेस पांढऱ्या सुती कापडावर घ्यावा. बोअरचे पाणी शक्यतो वापरू नये; त्यातले क्षार सुकल्यावर गडद रंगाच्या स्वेडवर पांढरट राहतात. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात सहज मिळते, फक्त ते पाणीच आहे, बॅटरीचे ॲसिड नाही, याची बाटली वाचून खात्री करावी.

कापड घट्ट पिळलेले असावे. स्टिअरिंगचे मनाने चार भाग करून एका वेळी एकच भाग घ्यावा, हलक्या हाताने गोल फिरवावे, आणि लगेच कापडाची स्वच्छ बाजू लावून टिपून घ्यावे. पहिल्या दोन फेऱ्यांत कापडावर कडक चहाच्या रंगाचा मळ उतरतो आणि तो पाहून जोरात घासण्याचा मोह होतो, परंतु जोर लावल्याने तंतूंच्या गोळ्या होतात आणि त्या मात्र परत बसत नाहीत. तीनचार फेऱ्यांनंतर कापड जवळजवळ स्वच्छ निघू लागले की साध्या डिस्टिल्ड पाण्यात पिळलेल्या कापडाने साबणाचा अंश काढावा, कारण उरलेला साबण चिकट राहून पुन्हा धूळ ओढतो. बटणांवर किंवा त्यांच्या फटींवर थेट फवारा मारू नये. नंतर काचा थोड्या खाली करून सावलीत रात्रभर सुकू द्यावे आणि सकाळी मऊ ब्रश आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवावा. लव उठते आणि मूळ राखाडी रंग वर येतो तो या शेवटच्या ब्रशने, ओल्या कापडाने नव्हे. त्यामुळे ओले असताना रंग गडद दिसला म्हणून निराश होऊ नये.

डोके टेकण्याच्या जागेचे डाग आपल्याकडे बहुधा खोबरेल तेलाचे असतात, आणि त्याची एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो आहे. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते लवेमध्ये अक्षरशः घट्ट झालेले असते, आणि अशा वेळी कितीही पावडर लावली तरी ती वरवर राहते. म्हणून हे काम दुपारी करावे, गाडी आधी तासभर उन्हात ठेवावी आणि जागा कोमट झाली की कॉर्नफ्लोअर किंवा बिनवासाची टाल्कम पावडर जाडसर पसरून तीनचार तास तशीच राहू द्यावी. पावडर पिवळट होऊन गोळा होऊ लागली, म्हणजे तेल ओढले जात आहे. ती व्हॅक्यूमने काढून पुन्हा नवी लावावी. जुन्या डागाला तीन वेळा तरी लागते. कॉर्नफ्लोअर वापरले असेल, तर ते कणभरही राहू देऊ नये, नाहीतर पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. मिसळीच्या तर्रीचा डागही याच पद्धतीने काढावा, कारण तिखटाचा लाल रंग तेलात विरघळलेला असतो. तेल न काढता पाणी लावले, तर तो फक्त पसरतो.

छताविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तेथे माझ्या हातून एका ग्राहकाचे नुकसान झालेले आहे. छताचे कापड पातळ फोमवर असते आणि तो फोम गोंदाने चिकटवलेला असतो. मी सुरुवातीच्या काळात एका छतावरचा डाग ओल्या स्पंजने मन लावून घासला. डाग गेला, पण आठवडाभराने तेवढाच भाग सुटून फुग्यासारखा खाली लोंबू लागला आणि मला स्वतःच्या खर्चाने पूर्ण छत बदलून द्यावे लागले. तेव्हापासून मी छताला जेमतेम ओलसर कापडच लावतो आणि वाफेचे यंत्र तर मुळीच लावत नाही.

खरे कातडी स्वेड निघाले, तर पाणी आणि साबण बाजूला ठेवून स्वेडचे खोडरबर आणि मऊ ब्रश यांवरच भागवावे आणि तेलासाठी वरचीच पावडर वापरावी. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे नेहमी जाणाऱ्या गाड्यांत, कातड्यावर पांढरी बुरशी येते. ती गाडीत बसून झटकू नये, दार उघडे ठेवून व्हॅक्यूमने ओढून घ्यावी आणि नंतर गाडी काही तास हवेशीर ठेवावी.

जेथे तंतू पूर्ण गळून खालचे विणलेले कापड दिसते, किंवा उन्हाने रंग उडालेला आहे, तेथे सफाईचा काही उपयोग होत नाही आणि तेवढा भाग नव्याने चढवणेच योग्य. स्टिअरिंगचे कव्हर बदलायचेच ठरले, तर ते मूळ चाकावर हाताने शिवणाऱ्या कारागिराकडूनच चढवून घ्यावे. वरून ओढायचे तयार कव्हर वळणावर हातात फिरते. आणि सीट साफ करताना तिच्याखाली पिवळ्या रंगाचे वायरचे कनेक्टर दिसले, तर ते एअरबॅगचे असतात. ते ओढू नयेत आणि त्यांच्यापर्यंत पाणी जाऊ देऊ नये.