गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडला तर जगतो का? त्यासाठी काय करावं?

हो, बहुतेक वेळा जगतो, पण गळ कुठे रुतलाय आणि तुम्ही त्याला किती वेळ पाण्याबाहेर ठेवता यावर ते अवलंबून आहे. गाईड म्हणून लोकांना मासेमारीला नेतो, त्यामुळे हे रोज बघतो. ओठात रुतलेला गळ फारसा त्रास देत नाही. घशात किंवा कल्ल्यात गेला तर मात्र अवघड. घशात खोल गेलेला गळ उपसत बसू नका, दोरा तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. आमिष लावून बसणार असाल तर सर्कल हुक (टोक आतल्या बाजूला वळलेला गोलसर गळ) वापरा. तो बहुतेकदा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो, फक्त झटका द्यायचा नाही, रीळ सावकाश गुंडाळायचं (नवख्यांना हेच जमत नाही). बाकी:

- गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका, गळ चटकन सुटतो.
- हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने, फडक्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जंतुसंसर्ग होतो.
- मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून लटकवू नका, पोटाखाली हात द्या. फोटो एकच, तोही पटकन.
- थकलेला मासा तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा. शेपटी मारून स्वतः निघाला की सोडा.

मात्र पाणी तापलेलं असेल तर एवढं करूनही भरवसा नाही, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मी गळ टाकूच देत नाही.