वरीलप्रमाणे

माई,
मी ४७ वर्षांची. गुहागरजवळ घर, मागे वीस कलमं, पुढे समुद्र. दोन खोल्या पर्यटकांना देतो. मुलगी ठाण्याला सासरी, मुलगा पुण्याला नोकरीला. कशाला कमी नाही. पण गौरी-गणपतीत भरलेलं घर एका दिवसात रिकामं झालं, आणि ओटीवर बसल्या बसल्या लक्षात आलं की मला हल्ली कशाचाच आनंद होत नाही. पाहुणे सूर्यास्त बघून ओरडतात. मी तेव्हा भज्यांचं पीठ भिजवत असते. मनात येतं, यांना एवढं दिसतं तरी काय? माहेरी मी खाडीत मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला जायचे, इथे आल्यापासून एकदाही गेले नाही. मोबाइलवर एक बाई सांगत होत्या, रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहा. अकरा दिवस लिहिल्या. बाराव्या दिवशी ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून वही मिटली. एक पान सोबत पाठवते. मी कृतघ्न झाले का हो? (रात्री तीनला जाग येते, मग झोप नाही.)
— ओटीवरची

अगो बाय,

‘वरीलप्रमाणे’ वाचून मी एवढी हसले की चहा सांडला. ज्या बाईला असं लिहिता येतं, तिचा आनंद संपलेला नाही, एवढं आधी सांगून टाकते.

आता त्या पानाबद्दल. मी ते तीनदा वाचलं. ‘मुलगा सुखरूप पोचला. ठाण्याला मोदक आवडले. यांची शुगर आटोक्यात आली. पाहुण्यांनी खोलीचं कौतुक केलं. सासूबाई नीट जेवल्या.’ पाच ओळी, पाच माणसं, आणि तू त्यात कुठेच नाहीस. दुसऱ्याच्या सुखाने आपल्याला बरं वाटतं हे खरंच आहे, ते मी खोटं ठरवत नाही. पण तू या घरात आनंदाची वाढपी झाली आहेस. पंगत उठली की वाढप्याच्या वाट्याला काय उरतं ते तुला मी सांगायला नको. खरं सांग, गणपतीत नीट कळ्या पडलेला, न फुटलेला मोदक तू स्वतः कधी खाल्लास? फुटका तो घरच्या बाईचा, हा नियम कुणी केला कोण जाणे. मीही तीस वर्षं पाळला, आणि वर त्याचा अभिमान मिरवला. मूर्खपणाच होता.

कृतघ्न वगैरे तू नाहीस. रोज दिसणारी गोष्ट मन बघायचं थांबतं, मग ती समुद्राएवढी का असेना. पाहुण्याला समुद्र दोन दिवसांचा, तुला पंचवीस वर्षांचा. त्या वहीचंही तसंच झालं. कॅलिफोर्नियातल्या सोन्या ल्युबोमिर्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवडे काही जणांना अशाच चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या होत्या. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तू तर रोज लिहीत होतीस! वही फेकू नकोस, पण रविवारपुरती ठेव. आणि एक ओळ अशी लिही जिच्यात तू आहेस. नसेल तर पान कोरं सोड, कोऱ्या पानाला कुणी मार्क कापत नाही.

मुळ्यांकडे येते. तुझ्या सगळ्या पत्रात तुझं स्वतःचं असं ते एकच वाक्य आहे, आणि तेही तू घाईघाईत उरकलंस. मला विचारशील तर तुझं औषध तिथे आहे.

सकाळी सहाला उठून फिरायला जा, असं मी सांगणार नाही. आठवड्याभरात तेही भांड्यांसारखं एक काम होईल. तू घड्याळाने जाऊच नकोस, सुकतीने जा, ओहोटीला. जुन्या माणसांचा हिशेब माहीत आहे ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा मिळवलेस की सुकती. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण काम भागतं. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून खाडीवर जाण्याची सवय लागली तरी ती शिळी होत नाही. कधी भर दुपारी, कधी सांज धरून. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओहोटीलाही पाणी फार मागे हटत नाही, तेव्हा घरी बस. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा खाजण, खाडीकाठचा तो चिखल, लांबवर उघडं पडतं. पाऊस सरला की वाडीतल्या बायका उतरतातच. त्यांना सांग, मी पण येते. पहिल्या दिवशी हसतील, ‘होमस्टेवाल्या वहिनी चिखलात?’ म्हणतील. हसू देत. पायाच्या बोटांना चिखलात मुळा लागला की काय होतं ते तुला माहेरचं आठवेल, मी काय सांगू.

एक अट मात्र आहे. तिथला फोटो काढून मुलांना पाठवायचा नाही. काढलेल्या मुळ्यांचं सुकं करून पाहुण्यांच्या ताटात वाढायचं नाही. ‘खाडी दर्शन’ म्हणून पाटी लावायची तर मुळीच नाही! (मी तुमच्यासारख्या होमस्टेवाल्यांना ओळखून आहे.) ज्याचा कुणाला काही उपयोग नाही अशी एक गोष्ट तुझ्याकडे असू दे. घरी विचारतील, कशाला गेली होतीस? ‘उगाच’ म्हण. बायकांना हा शब्द म्हणायला फार जड जातो. आरशासमोर म्हणून बघ हवं तर.

आता तू कंसात लिहिलंस ते. कंसात लिहिलेलं मी आधी वाचते. रोज तीनला जाग, कशात मन नाही, आणि वय ४७. पाळीचं चक्र बदलत असतं या वयात, रक्त कमी असतं, थायरॉइड बिघडलेलं असतं, आणि आपण समजतो मनच वाईट झालं. तेव्हा या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. यांची शुगर दर महिन्याला बघतेस, तुझं रक्त शेवटचं कधी तपासलं होतंस? आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच गेलं असेल, जेवण नकोसं, रडू येतं, जगण्याचाच कंटाळा येतो असं काही असेल, तर ते मुळ्यांनी बरं होणारं नाही. तो आजार आहे, त्याला डॉक्टर आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ते विचार मनात आले तर रात्री तीनलासुद्धा लाव, सकाळची वाट बघू नकोस.

मुलांबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीही बोलत नाही. ती दिवाळीला येतीलच. तेव्हा करंज्या कमी कर.

कोजागरी तोंडावर आली आहे. पौर्णिमेचा हिशेब तूच कर: भरती सव्वाअकरा, म्हणजे सुकती सव्वापाचच्या सुमारास. नेमकी तुझ्या भज्यांची वेळ. त्या दिवशी भजी नाहीत म्हणून सकाळीच सांगून टाक. चहा यजमान करतील. साखरेचा डबा कुठे ठेवतेस ते त्यांना सांगायची गरज नाही. शुगर असलेल्या माणसाला तो बरोबर ठाऊक असतो.

— माई