पेशी कमी, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?

पावसाळा लागला की आमच्याकडे प्लेटलेटचा आकडा कापसाच्या भावासारखा चघळला जातो. डेंग्यूनं गावोगाव एकच धडा बसवलाय, आकडा पडला की माणूस गेला. त्यामुळे ज्यांच्या पेशी वर्षानुवर्षं कमीच असतात ते एकाच प्रश्नानं हैराण असतात. यंदा तो चौथ्यांदा ऐकला, म्हणून लिहायला घेतलं.

वंदना (नाव आणि खुणा बदलल्या आहेत) यवतमाळकडची, वय 27. दोन वर्षांपूर्वी आयटीपीचं निदान झालं. म्हणजे शरीराची राखणदार यंत्रणाच आपल्या प्लेटलेटना चोर समजते आणि प्लीहा त्यांना गिळते. दीड ते साडेचार लाख असायला हव्यात, हिच्या 62,000. त्यात तिसरा गर्भ पाचव्या महिन्यात गेला. तेव्हा डॉक्टरांनी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटून गुठळ्या करू शकणारी प्रथिनं, तपासल्या. त्या सापडल्या, 12 आठवड्यांनी पुन्हा तपासल्या तेव्हाही होत्या. कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली.

तिनं पिशवीतून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. एकही गोळी फोडलेली नव्हती, कडांना ज्वारीचं पीठ लागलेलं. कोठीत लपवलं होतं.

"मॅडम, पेशी कमी म्हून रक्त वाहीन म्हंते, अन् वरून रक्त पातय कराची गोयी देते. कोनाचं खरं मानू जी?"

पहिल्या भेटीत मी कागदावर चित्र काढून समजावलं. "हो जी, हो जी" म्हणत राहिली आणि घरी जाऊन पाकीट परत कोठीत. चूक माझीच होती. माझ्या समुपदेशनाची बैठक विवेकनिष्ठ विचारांची. घटनेपेक्षा तिच्याविषयीची समजूत माणसाला जास्त छळते, असं मी इतरांना शिकवते. आणि हिची समजूत काय, ते विचारायचंच विसरले होते.

दुसऱ्या भेटीत विचारलं, "तुमच्या मते रक्तात काय चाललंय?"

"पान्यासारखं झालं. पातय."

सगळी गाठ त्या एका शब्दात होती. ॲस्पिरिन रक्तात पाणी ओतत नाही, ती प्लेटलेटचा चिकटपणा कमी करते. "रक्त पातळ करायची गोळी" हे आपणच पाडलेलं सोयीचं नाव, आणि त्याची किंमत वंदना मोजत होती. (डॉक्टरी नावंही काही कमी फसवी नाहीत. यातल्या एका अँटिबॉडीचं नाव ल्युपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे गोठण अडवणारी. नळीत ती गोठण लांबवते, शरीरात मात्र गुठळ्या करते.)

मग तिला सांगितलं, की या अँटिबॉडी प्लेटलेटना उगाच चेतवतात. चेतलेल्या पेशी एकमेकींना चिकटतात, त्यात खर्ची पडतात. आकडा कमी दिसतो, तरी धोका गुठळीचाही असतो.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम म्हणाली, "म्हंजे वेचनीले मजूर कमी, अन् हायेत थे भांडखोर!"

इतकं नेमकं मला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं. मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं जमतं, याचा थोडा अभिमान आहे मला. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मंग लेकरं माह्यापायी नाही गेले? मी गाठोडं उचललं म्हून?"

तिचा खरा प्रश्न हा होता. गोळी निमित्त होती. या अँटिबॉडी वारेला इजा करतात, तिथल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. तिच्या डॉक्टरांनीही हेच कारण धरलं होतं. गाठोड्याचा त्यात काही संबंध नाही, असं मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ती रडली.

बाकीच्यांसाठी थोडं. अँटिबॉडी एकदा सापडल्या म्हणजे आजार ठरला असं नाही, एखाद्या संसर्गानंतर त्या तात्पुरत्या दिसतात. 12 आठवड्यांनी पुन्हा तपासतात ते त्यासाठीच. ॲस्पिरिन घ्यायची की नाही, हे आकडा आणि गुठळीचा धोका दोन्ही बघून डॉक्टर ठरवतात. शेजारणीला चालली म्हणून आपण सुरू करू नये. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणू नका, आयटीपीसाठी दिलेलं स्टेरॉइड मनानं बंद करू नका. या अँटिबॉडी असतील तर आशाताईंनी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी दिल्यास आधी डॉक्टरांना विचारा. त्यातल्या इस्ट्रोजेननं गुठळीचा धोका वाढतो. एकच पाय सुजला, दम लागला, एक बाजू लुळी पडली, तोंडात रक्ताचे फोड आले, शौच काळं झालं किंवा डोकं असह्य ठणकू लागलं, तर उद्याची एसटी बघू नका. त्याच घडीला दवाखाना.

तिच्या नवऱ्याशीही बोलले. तो दर आठवड्याला तपासणी करायचा, 62 चे 58 झाले की घरात चूल पेटत नसे. तेवढा फरक दोन तपासण्यांत पडतोच. आता डॉक्टर म्हणतील तेव्हाच तपासतो.

पुढच्या वेळी पाकिटातल्या अकरा गोळ्या संपलेल्या होत्या. दिवस राहिले तर गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत इंजेक्शनं घ्यावी लागतील, हेही तिनं डॉक्टरांना स्वतःच विचारून घेतलं होतं. सासूबाई अजून पपईच्या पानांचा रस काढून ठेवतात. त्यावर मी वाद घातला नाही. डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढंच म्हटलं.