फीमरवर (मांडीच्या हाडावर) थिसिस घेतेयस ना, मग आधी हे वाच

अगं,

मेसेज वाचला. टायटल "महाराष्ट्रातील लोकांच्या फीमरची ठेवण" असं ठेवलंयस, आणि मी तिथेच अडलो. डिपार्टमेंटच्या कपाटातली हाडं कुणाची, कुठल्या गावची, किती वयाची, याची बहुतेकांची नोंदच नाही, मग ती महाराष्ट्रातली हे तू कशावरून लिहिणार? मीही तुझ्या वयात असंच टायटल घेतलं होतं, वर्षभर मोजलं आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारलं, ही माणसं कोण? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते अजून सलतं, म्हणून तुला आत्ताच सांगतोय.

फरक असतात हं, नाही असं नाही. नेक-शाफ्ट अँगलच बघ, म्हणजे फीमरची मान आणि दांडा यांतला कोन, जन्मतः साधारण 150 अंशांच्या आसपास असतो, मग पोर उभं राहतं, चालतं, वजन पडायला लागतं आणि मोठेपणी 125-130 वर येतो. 1998 मध्ये अँडरसन आणि ट्रिंकाउस यांनी वेगवेगळ्या समाजांतली हाडं ताडून बघितली तर शिकार करत, कंदमुळं गोळा करत फिरणाऱ्यांत हा कोन कमी आणि शहरी लोकांत जास्त निघाला. म्हणजे आईबापांकडून काय आलं तेवढंच नाही, लहानपण कसं गेलं तेही हाडात उतरतं, आणि "अमुक लोकांचं हाड असं असतं" एवढं लिहून मोकळं झालं की हेच नेमकं सुटतं.

आणि हा नुसता अ‍ॅकॅडमिक विषय नाही. फीमर पुढच्या बाजूला किंचित वाकलेलं असतं, 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कलेक्शनवर मोजलं तर त्या बाकाची त्रिज्या सरासरी 120 सेंमी आली आणि तेव्हाचे नेल (मोडलेलं हाड सांधायला आत घालतात ते धातूचे दांडे) होते 186 ते 300 सेंमी त्रिज्येचे, म्हणजे हाडापेक्षा बरेच सरळ. असा नेल आत गेला की त्याचं टोक गुडघ्याच्या वर पुढच्या कॉर्टेक्सला, म्हणजे हाडाच्या बाहेरच्या कठीण थराला, घासतं, कधी हाड फुटतंही. बुटक्या, फीमरला जास्त बाक असलेल्या म्हातारीचा विचार कर. आपले ऑर्थोवाले पीएफएनए-टू नावाचा नेल वापरतात ना, तोही आशियाई पेशंटच्या मांडीत आधीचा नीट बसेना म्हणूनच बदलून काढला. कुणीतरी नीट मोजलं म्हणून झालं हे.

तर माझं म्हणणं, कपाट सोड. रेडिओलॉजीतले सीटी घे, एथिक्स कमिटीची परवानगी काढ, न मोडलेली बाजूच मोज, आणि वय, उंची, गाव, काम काय करतात, लहानपणी किती चालायचे, सगळं पेशंटला विचारून लिही.

आणि कुठून कुठपर्यंत मोजलंस ते चित्र काढून ठेव. हाडांच्या लांबीवरून माणसाची उंची काढायचे ट्रॉटर आणि ग्लेसर या संशोधकांचे 1952 चे फॉर्म्युले जगभर वापरले, 1995 मध्ये लक्षात आलं की टिबिया (नडगीचं हाड) मोजताना मिडियल मॅलिओलस (घोट्याच्या आतल्या बाजूचं त्याचं टोक) धरलाच नव्हता!

सोमवारी कॅलिपर घेऊन ये, सरावापुरती कपाटातलीच दहा हाडं मोजू, आठवड्याने तीच पुन्हा, तुझा हात किती स्थिर आहे ते कळेल.

तुझे सर