पाळणाघराची फी आणि सरकारी अनुदान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करते. तिचे बाळ दहा महिन्यांचे आहे. पाळणाघराची फी भरल्यावर पगारातला जेमतेम निम्मा भाग तिच्या हातात उरतो, म्हणून जावई म्हणतात की त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी. काही देशांत अशा कुटुंबांना सरकार अनुदान देते असे ऐकते. पाळणाघर मुळात इतके महाग का असते, आणि हे अनुदान खरोखर गरजू घरापर्यंत पोचते का?

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर पाळणाघराच्या खोलीतच मिळते. तान्ही बाळे एका ताईने किती सांभाळावीत, याला मर्यादा आहे. इंग्लंडच्या नियमांनुसार दोन वर्षांखालील दर तीन मुलांमागे सांभाळणारी एक व्यक्ती असावी लागते. एका बाळाला भरवायचे आहे, दुसऱ्याचे लंगोट बदलायचे आहे आणि तिसरे नुकतेच रडत उठले आहे, अशा वेळी त्या ताईंना चौथ्या बाळासाठी हात उरत नाही, हे ज्यांनी मूल वाढवले आहे त्यांना सांगायला नको.

आता हिशेब पाहा. त्या ताईंचा पगार तीन घरांनी मिळून द्यायचा आणि भाडे, वीज, खाणेपिणे, स्वच्छता यांचा खर्चही त्याच फीतून निघायचा, म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला एका पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम येते. आपल्या मुलीचा आणि त्या ताईंचा पगार साधारण सारखाच असेल, तर मुलीच्या कमाईचा तेवढा भाग फीत जाणारच. यात पाळणाघर चालवणाऱ्या बाई कोणाला लुबाडत आहेत असे नाही. फी उतरवायची तर ताईंचा पगार कापायचा किंवा खोलीत बाळे वाढवायची, एवढेच त्यांच्या हाती असते, आणि दोन्हीचा फटका शेवटी बाळालाच बसतो. ही तफावत आईच्या पदरमोडीतून भरून निघू नये, म्हणून सरकारी पैसा लागतो. मला तरी तो उपकार वाटत नाही. शाळेवर खर्च होतो तसाच हा खर्च आहे, फक्त मूल त्या वेळी अजून रांगत असते.

आपल्या जावयांच्या म्हणण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पाळणाघराची फी नेहमी आईच्याच पगारातून वजा करण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. मूल दोघांचे आहे, तेव्हा फी दोघांच्या एकत्रित कमाईतून वजा करून पाहावी. शिवाय नोकरी सोडली की केवळ आजचा उरलेला निम्मा पगार जात नाही; पगारवाढ, सेवेची वर्षे आणि हातातले कौशल्यही मागे पडते, आणि मूल शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते.

अनुदान पोचते का, हे मुख्यतः नियम कसे लिहिले आहेत यावर ठरते. स्वीडनमध्ये २००२ पासून फीला कमाल मर्यादा आहे : पहिल्या मुलासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २ टक्के, तिसऱ्यासाठी १ टक्का, आणि त्यावर ठरावीक रकमेचे छत. उत्पन्न वाढले की फी थोडी वाढते, एकाएकी उसळत नाही. याउलट, जिथे उत्पन्नाची एकच रेघ आखलेली असते आणि ती ओलांडताच सगळे अनुदान बंद होते, तिथे कष्टाची शिक्षा होते. समजा, १०० ही उत्पन्नाची मर्यादा आहे, अनुदान ३० आहे आणि ओव्हरटाइम केल्यामुळे आईचे उत्पन्न ९८ वरून १०३ झाले. तर पाच मिळवण्यासाठी तिने तीस गमावले. अशा घरातली बाई पर्यवेक्षकांनी देऊ केलेली बढती नाकारते आणि लोक म्हणतात की हिला महत्त्वाकांक्षाच नाही. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने एकदा पात्र ठरलेल्या कुटुंबाला किमान बारा महिने अनुदान सुरू ठेवण्याची तरतूद केली, ती हेच लक्षात घेऊन. मात्र तिथला निधी ठरावीक असल्यामुळे पात्र मुलांपैकी थोड्याच मुलांपर्यंत तो पोचतो. निधी असेपर्यंत मदत मिळणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यामुळे जागा अपुऱ्या पडल्या की त्याचा जाब प्रशासनाला विचारता येतो.

प्रश्न : सरकारने पाळणाघरांना पैसे देण्याऐवजी ते थेट पालकांच्या खात्यात का जमा करू नयेत? पालक हवे ते पाळणाघर निवडतील.

उत्तर : आपला विचार सरळ आहे आणि जिथे पाळणाघरे भरपूर आहेत तिथे तो चालतोही. अडचण येते ती जागा कमी असतात तिथे. दहा जागांसाठी तीस पालक उभे असतील आणि त्या तिसांच्या हाती जादा पैसे आले, तर जागा दहाच राहतात, फी मात्र वाढते. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये नवी अनुदान योजना आली. सुरुवातीला पालकांच्या खिशातला खर्च उतरला, पण पुढे फी चढत गेली आणि ती बचत बरीचशी फीवाढीतच गेली, असे तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने आपल्या चौकशीत नोंदवले आहे.

कॅनडाच्या क्युबेक प्रांताने दुसरी वाट धरली. १९९७ मध्ये तिथे दिवसाला ५ डॉलर अशी सरसकट फी ठरली आणि बाकीचा खर्च सरकारने पाळणाघरांना थेट दिला. नोकरी करणाऱ्या आयांचे प्रमाण लक्षणीय वाढले, हे या प्रयोगाचे मोठेच यश आहे. पण मागणी इतकी वाढली की प्रतीक्षायाद्या लांबल्या. ज्या आईवडिलांना गरोदरपणातच नाव नोंदवायचे कळत होते, ज्यांना चार ठिकाणी फोन करायला सवड होती, त्यांच्या मुलांना चांगल्या केंद्रांत जागा मिळाल्या, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले तुलनेने सुमार दर्जाच्या ठिकाणी अधिक गेली. मुलांच्या वागणुकीवर या योजनेचा प्रतिकूल परिणाम झाल्याचे काही अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, त्याची सांगड मला या घाईने वाढलेल्या, प्रशिक्षित माणसे नसलेल्या जागांशी घालावीशी वाटते. म्हणून माझे मत असे की, पैसा आधी जागा आणि ताईंचे प्रशिक्षण व पगार यांवर खर्च व्हावा, आणि फीतली सवलत त्याच्या बरोबरीने यावी.

वेळेचा मुद्दाही इथेच येतो. कारखान्याची पाळी सकाळी सातला सुरू होते आणि अनुदानित पाळणाघराचे दार नऊला उघडते. अशा वेळी मधले दोन तास बाळ शेजारणीकडे, मोठ्या बहिणीकडे किंवा देवाच्या भरवशावर असते. त्या अनुदानाचा त्या आईला काय उपयोग?

प्रश्न : मी नोकरी न करता घरीच दोन मुलांना सांभाळते. पाळणाघराला अनुदान आणि मला काहीच नाही, हा अन्याय नाही का?

उत्तर : आपले श्रमही श्रमच आहेत आणि ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. नॉर्वेने १९९८ मध्ये अनुदानित बालवाडी न वापरणाऱ्या पालकांना रोख भत्ता सुरू केला. त्याचा परिणाम म्हणून आयांचे नोकरीतले प्रमाण काहीसे घटले. त्यामुळे पहिल्या वर्षात आई आणि वडील दोघांनाही भरपगारी रजा, आणि पुढे परवडणारे पाळणाघर, ही जोडी मला अधिक न्याय्य वाटते.

प्रश्न : अशा योजनेसाठी अर्ज करताना नेमके काय विचारून घ्यावे?

उत्तर : पैसे आधी भरून नंतर परत मागायचे आहेत का, हे सर्वांत आधी विचारा. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सरकारी मदत योजनेतून पाळणाघराच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळत असूनही, पहिल्या महिन्याची फी स्वतः उभी करता न आल्यामुळे कित्येक पालकांना ती घेता येत नसे. जून २०२३ पासून काम सुरू करणाऱ्या किंवा कामाचे तास वाढवणाऱ्या पालकांसाठी आगाऊ मदतीची सोय झाली. त्यानंतर गैरहजेरीचा नियम विचारा. मुलाला ताप आला आणि ते चार दिवस आले नाही, तर त्या दिवसांचे पैसे पाळणाघराला मिळतात की नाही? मिळत नसतील, तर ते आपल्याकडून वसूल केले जाण्याची शक्यता असते, किंवा पुढच्या वेळी अनुदानावरचे मूल घेण्यास पाळणाघर कांकूं करते. पगार मध्येच वाढला किंवा नोकरी गेली, तर किती दिवसांत कळवायचे आणि तोपर्यंत जागा राखली जाते का, हेही लेखी घ्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोचपावती मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा.