मीटरचं फूट-इंच करताना गुणायचं की भागायचं?

तुम्ही दोन हिशोब दिलेत. पहिला, उंची १.७५ मीटर, फुटात केली तर ५.७४ आली, म्हणजे ५ फूट ७ इंच ना, मग टेपवर ५ फूट ९ का भरते? दुसरा, खोली ३.६ बाय ४.२ मीटर, म्हणजे १५.१२ चौरस मीटर, त्याला ३.२८ ने गुणलं तर ४९.६ चौरस फूट येतंय, आणि एवढ्या जागेत पलंग टाकला तर चालायलाही जागा उरणार नाही. शिवाय मीटर नक्की ठरवला कोणी आणि गुणायचं कधी भागायचं कधी हे लक्षात कसं ठेवायचं, तेही विचारलंय. मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की बाकीचं पटकन कळेल.

गुणा-भागाचा नियम पाठ करूच नका, ऐनवेळी हमखास उलटा आठवतो. लांबी तीच असते, आपण फक्त मोजायचं माप बदलतो. तीच बादली तांब्याने भरली तर कमी तांबे लागतात, पेल्याने भरली तर जास्त पेले लागतात, पाणी तेवढंच. तसंच माप लहान घेतलं की आकडा मोठा येणार, माप मोठं घेतलं की आकडा लहान. मीटरपेक्षा फूट लहान, म्हणून मीटरचं फूट करताना आकडा वाढलाच पाहिजे, आणि वाढला नाही तर तिथेच थांबून परत बघायचं. कॅल्क्युलेटर हातात घ्यायच्या आधी मनात एवढं म्हणायचं, "आता आकडा वाढणार, साधारण सव्वातीन पट." निम्म्या चुका तिथेच सापडतात.

लक्षात ठेवायचा आकडा खरं तर एकच, १ इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. हा अंदाज नाही, १९५९ पासून व्याख्याच तशी आहे, २.५४ च्या पुढे आणखी आकडे नाहीत. १२ ने गुणा, फूट मिळेल, ३०.४८ सेंमी. त्याच्या तिप्पट वार म्हणजे यार्ड, ९१.४४ सेंमी. १७६० वारांचा मैल, म्हणजे १६०९.३४४ मीटर. सगळं त्या २.५४ मधूनच निघतं. (समुद्री मैल मात्र वेगळा, तो सरळ १८५२ मीटर धरलाय, त्याचा इंचाशी काही संबंध नाही.) ३.२८ हा फक्त जवळचा आकडा आहे, पूर्ण ३.२८०८४ वगैरे आहे, घरात काही फरक पडत नाही पण १०० मीटरला साधारण एक इंच कमी येतो.

मीटरच्या आतलं तर अजूनच सोपं. १००० मिलीमीटर, १०० सेंटीमीटर, आणि वर १००० मीटरचा किलोमीटर, नुसता दशांशचिन्ह सरकवायचा खेळ. फक्त मिमी आणि सेंमी एकाच हिशोबात मिसळू नका, आधी सगळं एका मापात आणा आणि मगच बेरीज करा.

आता तुमची उंची. ५.७४ फूट बरोबरच आहे, वाचताना चूक झालीये. फुटाचे इंच १२, १० नाहीत, त्यामुळे .७४ म्हणजे ७ इंच नाही, ०.७४ गुणिले १२ म्हणजे जवळजवळ ८.९ इंच. म्हणून टेपवर ५ फूट ९ दिसतं, टेप खरं सांगतोय. ही चूक इतकी पसरलेली आहे की लोक लिहितानाच ५ फूट ७ इंचाला ५.७ लिहितात. मग ४ फूट ११ इंचाला ४.११ लिहिणार, आणि ते आकड्यात ४.६ पेक्षा लहान दिसतं, प्रत्यक्षात ४ फूट ६ इंचापेक्षा पाच इंच मोठं असून! मी स्वतः एकदा कपाटाच्या फळीचं माप ४ फूट ६ इंच असताना घाईत ४.६ फूट असं लिहून दिलं. कापणाऱ्याने जे लिहिलं होतं तेच कापलं, १४०.२ सेंमी, मला हवं होतं १३७.१६, तीन सेंमी जास्तीची फळी परत कापून आणावी लागली. तेव्हापासून मी फूट-इंच नेहमी अक्षरात लिहितो, नाहीतर सरळ सगळं मिलीमीटरमध्ये देतो, तिथे दशांशचिन्हाची गरजच पडत नाही.

खोलीचं बघू. ३.२८ हा लांबीचा आकडा आहे आणि क्षेत्रफळात लांबी दोनदा येते, म्हणून ३.२८ ने पण दोनदा गुणायला लागतं. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन कागदावर काढा, त्याच्या एका बाजूवर तीन फुटांहून थोडं जास्त बसतं, दुसऱ्या बाजूवरही तेवढंच, म्हणजे आत तीन त्रिक नऊ चौरस फूट पूर्ण आणि कडेच्या पट्ट्या धरून १०.७६४. आता १५.१२ गुणिले १०.७६४, साधारण १६२.७५ चौरस फूट. पडताळा हवा तर ३.६ मीटर म्हणजे जेमतेम १२ फूट, ४.२ म्हणजे जेमतेम १४, बारा गुणिले चौदा १६८, उत्तर त्याच्या आसपास आणि थोडं कमीच यायला हवं, येतंय. घनफळ असेल तर तिसऱ्यांदाही गुणावं लागेल, १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

मीटर कोणी ठरवला तर फ्रान्सने, १७९१ मध्ये. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असं ठरलं, आणि देलांब्र व मेशँ या दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी फ्रान्समधलं डंकर्क ते स्पेनमधलं बार्सिलोना असा पट्टा कित्येक वर्षं खपून मोजला. एवढं करून मीटर सुमारे ०.२ मिमी आखूडच निघाला, ते अंतर १०,००० नाही तर साधारण १०,००२ किलोमीटर आहे. पण १७९९ ला प्लॅटिनमची पट्टी झाली ती झाली, मग १८८९ ला प्लॅटिनम-इरिडियमची, १९६० ला क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलहरी आणि १९८३ पासून प्रकाश निर्वात जागेत १/२९,९७,९२,४५८ सेकंदात जेवढं अंतर कापतो तेवढा मीटर. व्याख्या बदलत गेली पण प्रत्येक वेळी लांबी जुन्याशी जुळेल अशीच काळजी घेतली, म्हणून तो आकडा असा वेडावाकडा आहे.

एक राहिलं, टेपने मोजणार असाल तर. टोकाचा पत्र्याचा हुक थोडा हलतो, तो सैल झालाय म्हणून ठोकून घट्ट करू नका. बाहेरून अडकवून मोजताना तो बाहेर येतो, भिंतीला टेकवून मोजताना आत जातो, बरोबर स्वतःच्या जाडीएवढा, म्हणून दोन्ही मापं खरी येतात. आणि टेपच्या एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंमी असतील तर १०० सेंमीच्या समोर बघा, ३९ इंच आणि पुढे तीन अष्टमांश दिसेल. दोन्ही कडा तिथे जुळत नसतील तर तो टेप बाजूला ठेवा, दुसरा घ्या.